फुर्टव्हेंगलर ऐकायला घेताय? आधी तारीख बघा

विल्हेल्म फुर्टव्हेंगलर या जर्मन कंडक्टरचं (वाद्यवृंद चालवणाऱ्याचं) नाव आणि त्यापुढे 'बेथोव्हन पाचवी' असं टाकून शोधून बघा. एकाच सिंफनीच्या डझनभर आवृत्त्या समोर येतात. सगळीकडे तोच उंच, टक्कल पडलेला, मानेची काटकुळी काठी झालेला माणूस, पण खाली बारीक अक्षरात वेगवेगळी सालं. 1937, 1943, 1947, 1954. नवखा माणूस काय करतो? सगळ्यात वर जे असेल त्यावर बोट ठेवतो. मीही तेच केलं होतं. 1942ची नववी सिंफनी, रात्री, फोनच्या स्पीकरवर. दहा मिनिटं पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज ऐकला आणि बंद केलं. मग दोन वर्षं या माणसाच्या वाटेला गेलो नाही.

तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हा लेख. यात एक क्रम दिलाय. तो मोडलात तरी हरकत नाही, पण पहिल्या तीन पायऱ्या सोडू नका.

थोडी ओळख आधी. जन्म 25 जानेवारी 1886, बर्लिन. वडील नावाजलेले पुरातत्त्वज्ञ. आधीचा कंडक्टर आर्थर निकिश वारल्यावर 1922 साली बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची सूत्रं याच्या हातात आली आणि, मधला खंड सोडला तर, 30 नोव्हेंबर 1954ला मरेपर्यंत राहिली. स्वतःला तो आधी संगीतकार मानायचा, कंडक्टर नंतर. त्याने सिंफनी लिहिल्या आहेत. खूप लांब आहेत. पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नका.

आता मुद्द्याचं. ख्याल ऐकत वाढलेल्या माणसाला या बाबतीत एक फायदा आहे. भीमसेनजींचा 'खरा' पूरिया धनाश्री कुठला, असं आपण विचारत नाही. कुठल्या मैफलीतला, कुठल्या सालचा, साथीला कोण, असं विचारतो. फुर्टव्हेंगलरला नेमकं असंच ऐकायचं असतं. फरक इतकाच की इथे प्रत्येक सूर कागदावर छापलेला आहे, ऐंशी-नव्वद माणसं तोच कागद समोर ठेवून वाजवतायत, आणि तरीही 43ची पाचवी आणि 47ची पाचवी या दोन वेगळ्या रात्री आहेत. म्हणून तारीख.

पायरी पहिली: कान आणि यंत्र

हे सगळं ध्वनिमुद्रण मोनो आहे, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. स्टीरिओ रेकॉर्ड बाजारात रुळायच्या आधीच तो गेला. तेव्हा एखाद्या आवृत्तीवर 'स्टीरिओ' लिहिलेलं दिसलं, तर ते कुणीतरी नंतर केलेलं आहे असं समजा. एका बाजूला जाड आवाज, दुसऱ्या बाजूला पातळ, वर थोडा घुमारा. साठ-सत्तरच्या दशकात कंपन्यांनी असले उद्योग भरपूर केले. टाळा.

फोनवर ऐकत असाल तर सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा, कारण वाईट प्रतींमध्ये दोन्ही कानांत थोडं थोडं वेगळं येतं आणि डोकं उठतं. बास वाढवणारी, 'सिनेमा' वगैरे नावांची जी बटणं असतात ती बंद. घरी दोन स्पीकर असतील तर ते जवळजवळ आणा. आवाज रोजच्यापेक्षा थोडा मोठा ठेवा. मग पाच मिनिटं नुसते बसा. सुरुवातीला खरखर समोर असते आणि संगीत मागे. पाच-सात मिनिटांत कान आपणहून जागा बदलून घेतात. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे ठाऊक आहे. तिथे आपण खरखरीतून सूर शोधतो आणि थोड्या वेळाने खरखर होती हेही विसरतो.

लोकलमध्ये मात्र ऐकू नका. या माणसाचं अर्धं काम हळू आवाजात चालतं आणि ते कांदिवली-बोरिवलीच्या मध्ये कुठेतरी हरवून जातं.

पायरी दुसरी: शुमान, चौथी सिंफनी, मे 1953

पहिली रात्र याच्यासाठी ठेवा. बर्लिन फिलहार्मोनिक, बर्लिनच्या डाहलेम भागातलं जीझस क्राइस्ट चर्च, डॉइश ग्रामोफोन कंपनी. तीन कारणं आहेत. स्टुडिओ पद्धतीचं ध्वनिमुद्रण असल्यामुळे आवाज स्वच्छ आहे, खोकणारं कुणी नाही. लांबी अर्ध्या तासाच्या आसपास. आणि चारही भाग न थांबता एकमेकांत मिसळतात, त्यामुळे फुर्टव्हेंगलरची जी मुख्य कला, म्हणजे एकातून दुसरं निघणं, ती इथे उघड दिसते.

पहिल्यांदा सरळ ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना तिसरा भाग संपून चौथा सुरू होतो ती जागा पकडा. तिसऱ्या भागातला उड्या मारणारा नाद हळूहळू थकतो, तुकडे पडत जातात, सगळं जवळजवळ शांत. मग व्हायोलिनं खालच्या सुरात पहिल्या भागातलीच एक जुनी आकृती पुटपुटायला लागतात आणि मागून पितळी वाद्यं उठतात. घाई अजिबात नाही. साधारण दीड-दोन मिनिटं हा माणूस दार उघडतच असतो. दुसरे कंडक्टर इथे दार ढकलून आत शिरतात, हा मात्र कडीचा आवाजही ऐकवतो. चौथा भाग धावायला लागतो तेव्हा तुम्ही श्वास धरून बसला होतात हे लक्षात येतं.

इथेच आणखी एक गोष्ट टिपून ठेवा. एकत्र सुरू होणारे आघात सुरीने कापल्यासारखे नसतात. खर्जातली वाद्यं केसभर आधी येतात आणि त्यांच्यावर बाकीचा आवाज फुलतो. फुर्टव्हेंगलरची छडी हवेत थरथरत खाली यायची आणि नेमकं कधी सुरू करायचं यावरून वादकांमध्ये विनोद चालायचे. ही ढिलाई नव्हे. त्याला आवाज तसाच हवा होता.

आठवडाभर फक्त हेच ऐकलंत तरी चालेल. त्याच चर्चमध्ये 1951च्या शेवटी केलेली शूबर्टची मोठी नववी आणि हायडनची 88वी या पुढच्या पायरीआधीच्या दोन सोप्या रात्री. हायडन तर निव्वळ मजा आहे.

पायरी तिसरी: पाटी वाचायला शिका

कुठलीही आवृत्ती लावण्याआधी चार गोष्टी बघायच्या: तारीख, जागा, वाद्यवृंद, आणि प्रत कशावरून केली आहे. तारीख नसेल तर ती आवृत्ती सोडून द्या. ज्याने ती चढवली आहे त्यालाच ठाऊक नाही आपण काय चढवतोय. नुसतं साल असेल तरी सावध राहा, कारण एकट्या 1952मध्ये त्याची 'एरोइका' (बेथोव्हनची तिसरी) व्हिएन्नात स्टुडिओत झाली आहे आणि बर्लिनमध्ये श्रोत्यांसमोरही.

नाव असलं म्हणजे माणूस तोच असेल असंही नाही. द्वोर्झाकची 'न्यू वर्ल्ड' सिंफनी फुर्टव्हेंगलरच्या नावावर बरीच वर्षं विकली गेली. ती निघाली ओस्वाल्ड काबास्टा या दुसऱ्याच कंडक्टरची. आजही ती जुन्या नावाने फिरताना दिसेल.

आता वेगाची भानगड. ही माझी आवडती पायरी, कारण हिला घरातली पेटी लागते. जुन्या टेपची किंवा तबकडीची प्रत करताना यंत्र जरा जलद फिरलं की संगीत जलद होतं आणि सूरही चढतो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरची डिसेंबर 1944ची 'एरोइका'. म्युझिकफेराइनच्या सभागृहात रेडिओसाठी केलेली. 1953 साली अमेरिकेतल्या युरेनिया कंपनीने परवानगीशिवाय तिची एल.पी. (लाँग प्ले तबकडी) काढली. फुर्टव्हेंगलर कोर्टात गेला. गंमत म्हणजे त्या एल.पी.वर सूर चांगलाच चढलेला होता, आणि कित्येक लोक 'काय झपाटा आहे!' म्हणून वर्षानुवर्षं त्या चुकीच्या वेगावरच खूश होते. आजही ती तशीच्या तशी उतरवलेली आवृत्ती सापडते.

तपासायचं कसं? 'एरोइका' दोन दणदणीत आघातांनी सुरू होते. त्यांचा षड्ज काळी दोन. पेटीवर काळी दोन धरून ठेवा आणि ते दोन आघात वाजवा. नीट मिळाले तर प्रत बरी आहे. रेकॉर्ड पांढरी तीनच्या दिशेने सरकलेली वाटली तर ती आवृत्ती बाजूला ठेवा, दुसरी शोधा. केसभर वर असेल तर चालवून घ्या, कारण बर्लिन-व्हिएन्नाचे वाद्यवृंद आपल्या पेटीपेक्षा किंचित चढाच सूर लावतात. पाचवी सिंफनी पांढरी एकमधून बघायची, नववी पांढरी दोनमधून. पेटी नसेल तर तानपुऱ्याचं अ‍ॅप चालतं. माझ्या घरी या तपासणीला 'परदेशी पाहुण्याचा सूर लावणं' म्हणतात आणि त्यात कौतुक फारसं नसतं.

प्रतीच्या बाबतीत शेवटचं: खरखर अजिबात नाही, अगदी गुळगुळीत, असं ऐकू आलं तर आनंदू नका. खरखर पुसताना व्हायोलिनांच्या तारांचा कसही पुसला जातो. मग सगळा वाद्यवृंद चादरीखाली बसल्यासारखा वाटतो. थोडी खरखर राहू दिलेली प्रत जवळजवळ नेहमीच चांगली.

पायरी चौथी: एकच सिंफनी, दोन तारखा

आता पाचवी. एका रविवारी सकाळी जून 1943ची बर्लिनची आणि संध्याकाळी 27 मे 1947ची, तीही बर्लिनचीच, अशा दोन ऐका. एकामागोमाग एक नको, मध्ये जेवण आणि झोप असू द्या.

मधल्या चार वर्षांत काय झालं होतं ते ठाऊक असायला हवं. जुनं फिलहार्मोनी सभागृह, जिथे 43चं ध्वनिमुद्रण झालं, ते जानेवारी 1944च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं. युद्ध संपल्यावर फुर्टव्हेंगलरला जाहीर कार्यक्रम करायला बंदी होती. डिसेंबर 1946मध्ये बर्लिनला त्याच्यावर नाझीविरोधी चौकशी समितीपुढे सुनावणी झाली, तो निर्दोष ठरला, आणि 25 मे 1947 रोजी टिटानिया पालास्ट या चित्रपटगृहात तो पुन्हा आपल्या वाद्यवृंदासमोर उभा राहिला. कार्यक्रम फक्त बेथोव्हनचा. आपण ऐकतो ती 27ची प्रत त्याच मालिकेतली.

दोन्हींची सुरुवात ऐका. ते चार सूर सगळ्या जगाला पाठ आहेत. चौथा सूर किती लांब धरायचा हे कंडक्टरवर सोडलेलं असतं, आणि हा तो इतका धरतो की खाली जमीन आहे की नाही अशी शंका यावी. मग तिसऱ्या भागाच्या शेवटची जागा. सगळे थांबतात, तंतुवाद्यं सूर धरून ठेवतात आणि टिंपनी, म्हणजे तिथले नगारे, बोटाने दारावर टकटक करावी तसे वाजत राहतात. 43मध्ये ही टकटक धमकीसारखी येते. 47मध्ये तीच मला नुसती वाट पाहणारी वाटते. मग उजेड फुटावा तसा चौथा भाग. तुम्हाला उलटं वाटलं तरी बिघडलं नाही, पण तुम्ही दोन तारखा मनात ठेवून ऐकलं म्हणजे पायरी पार झाली.

जाता जाता: याच पाचवीचा पहिला भाग 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेला, पण तो ऑटो क्लेम्परर या दुसऱ्या कंडक्टरचा. त्याच तबकडीवर आपल्या केसरबाईंची 'जात कहाँ हो' आहे. म्हणजे केरी गावची केसरबाई आणि बेथोव्हन एकाच तबकडीतून सूर्यमालेबाहेर गेलेत, आणि फुर्टव्हेंगलर राहिला इथेच.

पायरी पाचवी: युद्धकाळातल्या टेप

आता अवघड आणि सगळ्यात मोठा ऐवज.

आधी यंत्राचं. तोवरच्या तबकडीवर एका बाजूला चारेक मिनिटं मावायची. म्हणजे वाजवा, थांबा, तबकडी बदला, पुन्हा वाजवा. जो माणूस एका भागातून दुसरा भाग उगवू देतो त्याच्यासाठी ही शिक्षाच. फुर्टव्हेंगलरचा ध्वनिमुद्रणावर राग होता तो याचमुळे. मग जर्मन रेडिओकडे मॅग्नेटोफोन आला, चुंबकीय फितीचं यंत्र. 1940च्या सुमारास ब्राउनम्यूल आणि वेबर या रेडिओच्या अभियंत्यांनी फितीवर ध्वनीबरोबर एक अतिउच्च कंपनांचा प्रवाह सोडायची युक्ती काढली आणि खरखर एकदम खाली आली. फीत सेकंदाला 77 सेंटिमीटर वेगाने पळायची, एक किलोमीटरच्या रिळावर वीसेक मिनिटं मावायची. यंत्रं आळीपाळीने चालवली की आख्खी मैफल सलग टिपता येई. बाकीच्या जगात तेव्हा हे नव्हतं. म्हणून 1943-44चं बर्लिन आपल्याला त्याच काळातल्या लंडन किंवा न्यूयॉर्कपेक्षा जवळून ऐकू येतं. फ्रीडरिश श्नाप नावाचा ध्वनिमुद्रक हे काम बघायचा. त्याचं नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे.

1945मध्ये सोव्हिएत सैन्याने या फिती मॉस्कोला नेल्या. तिथे त्यांच्या एल.पी. निघाल्या आणि त्या पश्चिमेकडे पोचल्या तेव्हा संग्राहकांमध्ये त्यांच्यासाठी मारामारी होती. 1987मध्ये फितींच्या प्रती बर्लिनला परत आल्या, आणि नंतर मूळ फितीही. अलीकडे बर्लिन फिलहार्मोनिकने स्वतः या काळातल्या रेडिओ ध्वनिमुद्रणांचा 22 डिस्कचा संच काढला. स्ट्रीमिंगवर हे ऐकत असाल तर आधी या वाद्यवृंदाच्या स्वतःच्या नावाची आवृत्ती शोधा.

आता दुसरी गोष्ट, जी टाळून पुढे जाता येत नाही. हा माणूस जर्मनीत का राहिला? नाझी पक्षाचा तो सभासद नव्हता. 1933मध्ये ज्यू कलावंतांना हाकलण्याविरुद्ध त्याने नाझी प्रचारमंत्री गोबेल्सला उघड पत्र लिहिलं. 1934मध्ये हिंडेमिट या संगीतकाराच्या बाजूने वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्या वादात सगळी पदं सोडली. पुढच्याच वर्षी जुळवून घेऊन परत आला. त्याने अनेक ज्यू वादकांना मदत केली. आणि एप्रिल 1942मध्ये हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्याने नववी सिंफनी वाजवली, 'सगळी माणसं भाऊ होतील' असे शब्द असलेली. त्या संध्याकाळच्या शेवटच्या काही मिनिटांची फिल्म उपलब्ध आहे. टाळ्या, स्वस्तिकांचे झेंडे, आणि गोबेल्स पुढे येऊन त्याच्याशी हात मिळवतो. मी ती फिल्म दोनदा पाहिली, तिसऱ्यांदा पाहायची इच्छा झाली नाही. पण एकदा पाहाच. ती न पाहता युद्धकाळातल्या टेप ऐकणं म्हणजे तारीख झाकून ऐकणं. व्हायोलिनवादक येहूदी मेन्युहिन ज्यू होता. युद्धानंतर 1947मध्ये तो बर्लिनला येऊन फुर्टव्हेंगलरबरोबर वाजवून गेला. दुसरीकडे, 1948-49मध्ये शिकागोच्या वाद्यवृंदाने त्याला बोलावलं तेव्हा इतर मोठ्या कलावंतांनी बहिष्काराची भाषा केली आणि ते आमंत्रण बारगळलं. दोन्ही बाजूंना मोठी माणसं होती. माझं मत विचाराल तर त्याने जायला हवं होतं. पण मी हे पुण्यात पंख्याखाली बसून म्हणतोय.

ऐकायला सुरुवात कशाने करायची? माझ्या मते ब्राम्स, पहिली सिंफनी, फक्त शेवटचा भाग, 23 जानेवारी 1945. फिलहार्मोनी बेचिराख झालेली, म्हणून कार्यक्रम आडमिरालपालास्ट या नाट्यगृहात. मोझार्टची सिंफनी चालू असताना वीज गेली. वादक थांबले. तासाभराने दिवे आले तेव्हा मोझार्ट तसाच अर्धा सोडून त्यांनी ब्राम्स वाजवला. त्यातला शेवटचा भागच आज शिल्लक आहे. सुरुवातीला खर्जातून काहीतरी वर चढू पाहतं, तंतुवाद्यं बोटांनी छेडत हळूहळू वेग घेतात, परत मागे फिरतात. ही जागा ऐकताना मी नेहमी सभागृहातल्या लोकांचा विचार करतो. त्यांच्यातल्या कुणाला घरी पोचल्यावर घर जागेवर सापडेल याची खात्री नव्हती. मग शिंगांची ती मोकळी, डोंगरावरची हाक. यापुढे मी वर्णन करत नाही. पाच दिवसांनी व्हिएन्नात त्याने ब्राम्सची दुसरी आणि सेझार फ्रँकची सिंफनी वाजवली, तीही टिकली आहे, आणि मग तो सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला गेला.

यानंतर ज्या 1942च्या नवव्या सिंफनीने मला पळवून लावलं होतं ती घ्या. मार्चची बर्लिनची, वाढदिवसाची नव्हे. ब्रुनो किटेल यांचं गायकवृंद. आता तुमचे कान तयार आहेत. पहिल्या भागाच्या मध्यावर मूळ कल्पना परत येते तिथे टिंपनी अशी कोसळते की यंत्रालाही तो आवाज पेलत नाही, ध्वनी फाटतो. पहिल्यांदा मला तो दोष वाटला होता. आता तिथे तो फाटलेला नसता तर मला चुकल्यासारखं झालं असतं. शेवट तर इतका पिसाट धावतो की त्याला आनंदगीत म्हणवत नाही.

ब्रुकनरची नववी, ऑक्टोबर 1944, हीही याच ढिगातली, पण ब्रुकनरची सवय नसेल तर सहा महिने थांबा.

पायरी सहावी: बायरॉइट, 29 जुलै 1951

जर्मनीतल्या बायरॉइट गावचा वाग्नरच्या ऑपेरांचा महोत्सव युद्धानंतर पुन्हा सुरू झाला तो याच नववीने. एलिझाबेथ श्वार्त्सकोप्फ वगैरे गायक, महोत्सवाचा वाद्यवृंद. तासाभरात उरकणाऱ्यातली ही नाही, सव्वा तास लागतो. तिसऱ्या संथ भागालाच वीसेक मिनिटं. जगातली सगळ्यात प्रसिद्ध नववी बहुधा हीच, आणि 'नवशिक्यांनी इथून सुरू करा' असा सल्ला सगळे देतात. मी देत नाही. आधी मार्च 42 ऐकून झाल्यावर ही लावा, म्हणजे तिच्यातला दिलासा कशानंतरचा आहे ते कळतं.

हिच्याही एकाहून जास्त प्रती आहेत. ई.एम.आय.ची एल.पी. त्याच्या मृत्यूनंतर, 1955ला आली. 2007च्या सुमारास बव्हेरियन रेडिओची फीत ऑर्फेओ कंपनीने प्रसिद्ध केली आणि ती जागोजागी वेगळी निघाली. मग एल.पी.त तालमीतले तुकडे जोडले होते का, यावर वर्षानुवर्षं वाद. वादात पडू नका. एक निवडा, पुरी ऐका.

त्यानंतर तोंडाची चव बदलायला इटालियन कंडक्टर तोस्कानिनीची 1952ची नववी लावा. पासष्टेक मिनिटांत काम तमाम, सगळं लख्ख आणि कडक. दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं ते का, हे दहा मिनिटांत कळेल.

पायरी सातवी: स्टुडिओ

'स्टुडिओत तो मरगळतो' असं भक्तमंडळी म्हणतात. बऱ्याचदा खरं आहे. अपवाद मोठा: वाग्नरचा 'ट्रिस्टान आणि इझोल्डे', जून 1952, लंडनचा किंग्सवे हॉल, फिलहार्मोनिया वाद्यवृंद. इझोल्डे झालेली कर्स्टन फ्लागस्टाड तेव्हा छप्पन्न वर्षांची. अगदी वरच्या पांढरी एकचे दोन सूर तिच्यासाठी श्वार्त्सकोप्फने लावले, हे गुपित पुढे फुटलं आणि फ्लागस्टाडला फार लागलं. पूर्ण ऑपेरा चार तासांच्या वर आहे. पहिल्यांदा पूर्वरंग आणि शेवटची वीस मिनिटं इतकंच. मेन्युहिनबरोबरचा बेथोव्हनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना, 1953) हाही सोपा, प्रसन्न, आई-वडिलांसमोर लावता येण्यासारखा.

विकत घ्यायचं झालं तर

घाई नको. 1962पर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांवरचे हक्क युरोपात संपलेत, त्यामुळे कुणीही उठतो आणि डिस्क काढतो. त्यातल्या बऱ्याच दुसऱ्याच्या डिस्कवरून उतरवलेल्या असतात. युद्धानंतरच्या बर्लिनच्या मैफलींसाठी आउडिटे कंपनीचा संच चांगला, कारण तो रिआस या रेडिओच्या मूळ फितींवरून केलाय. स्टुडिओच्या कामासाठी वॉर्नरचा 2021चा 55 डिस्कचा संच आहे, पण तो विकत घ्यायच्या आधी शुमान दहा वेळा ऐकून झालाय का ते स्वतःला विचारा. जुन्या बाजारात एल.पी. दिसली तर मागची बाजू वाचा. मी एका दुकानात घासाघीस करून घेतलेली 'एरोइका' घरी येऊन पेटीवर लावली तर काळी दोन केव्हाच ओलांडून गेली होती. कुठली असणार ते तुम्हाला आता कळलं असेल.

एक साधी वही ठेवा. काम, तारीख, गाव, आणि एका ओळीत काय ऐकू आलं. बास.

आणि सगळ्यात शेवटी, वर्षभराने

22 मे 1950, लंडन, रॉयल अल्बर्ट हॉल. संगीतकार रिखार्ड श्ट्राउसची 'चार शेवटची गीतं' जगात पहिल्यांदा गायली गेली ती त्या संध्याकाळी. श्ट्राउस आदल्या सप्टेंबरात वारला होता. गाणारी फ्लागस्टाड, वाद्यवृंद फिलहार्मोनिया, पुढे उभा फुर्टव्हेंगलर. ध्वनिमुद्रण इतकं वाईट आहे की पहिल्या महिन्यात लावलंत तर मला शिव्या द्याल. आवाज विहिरीच्या तळातून येतो, मध्येच बुडतो.

ते मुळात झालं कुणामुळे? म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार. त्यांचा रेकॉर्डसंग्रह प्रचंड होता आणि फिलहार्मोनियाच्या कारभाराला त्यांचा आधार होता. या मैफलीच्या खर्चाची हमी त्यांनी घेतली. स्वतः लंडनला जाता येत नव्हतं, म्हणून अट एकच घातली: गाणी ध्वनिमुद्रित करून म्हैसूरला पाठवा. म्हणजे त्या तबकड्या बोटीने किंवा विमानाने इकडे यायच्या होत्या, चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी एका माणसाने ऐकाव्यात म्हणून. शेवटच्या गीतात, संध्याकाळच्या उजेडात, दोन चंडोल आभाळात चढतात. बासरीच्या दोन फिरक्या. खरखरीत त्या शोधाव्या लागतात. पेटी बंद ठेवा, दिवा मालवा आणि आवाज वाढवा.